चार बर्नर, चार नॉब आणि माझी आजी

हा भाग मी अकोल्याहून, जुन्या शहरातल्या आमच्या घरातून रेकॉर्ड केलाय. ऐकताना मागे कुकरच्या शिट्ट्या आणि गल्लीतला भाजीवाला ऐकू येईल, लिहून काढताना तेवढं गाळलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय आहे गॅसची शेगडी. हो, शेगडीच. मागच्या भागात एपीआयवर बोललो आणि या भागात थेट ओट्यावर आलो, असं कोणी म्हणेल. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत इंटरफेसबद्दल मी जे शिकलो ते ऑफिसात नाही, आमच्या स्वयंपाकघरात शिकलो. आणि ते शिकायला माझ्या आजीचा हात भाजावा लागला.

झालं असं. दिवाळीत मी घरी एक नवीन शेगडी पाठवली. चार बर्नरची, वरती काळी काच, ऑनलाइन. जुनी दोन बर्नरची स्टीलची शेगडी आईच्या लग्नापासूनची होती, तिचा एक बर्नर पिवळा जळायचा. मला वाटलं पगार वाढलाय, घराला काहीतरी चकचकीत द्यावं. आईला आवडली. आजी म्हणाली, ‘चार काहून आणल्या रे बाबू? आपल्या इथं काय पंगत हाय काय रोज?’ मी हसलो.

मे महिन्यात मी घरून काम करायला अकोल्याला आलो. अकोल्याचा मे तुम्हाला माहीत आहे, पंचेचाळीसच्या वर पारा गेला तरी कोणी बातमी म्हणून सांगत नाही. दुपारी चारच्या सुमारास आजी चहा ठेवायला उठली. तिने पंखा बंद केला, कारण पंख्याखाली ज्योत थरथरते हे तिला पक्कं माहीत आहे. चहाचा गंज ठेवला पुढच्या डाव्या बर्नरवर. नॉब फिरवला. लायटर टिक केलं. पेटलं नाही. पुन्हा टिक, पुन्हा टिक. तिला वाटलं लायटर गेलं. देवघरातून माचिस आणायला गेली, आली, काडी ओढली.

भप्प.

तिने फिरवलेला नॉब मागच्या डाव्या बर्नरचा होता. तेवढा वेळ मागून गॅस येत होता आणि लायटर पुढे टिकटिक करत होतं. मी पलीकडच्या खोलीत कॉलवर होतो. आवाज ऐकून धावलो तेव्हा आजीने लुगड्याचा पेटलेला पदर स्वतःच मोरीत टाकून वर बादली ओतली होती आणि नॉबही बंद केला होता. मनगटावर फोड आले, हातावरची लव जळाली, पदराचं एक वीतभर टोक गेलं. एवढ्यावर निभावलं. काकू टूथपेस्ट घेऊन आली होती, ती परत पाठवली आणि हात चांगला वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला. मग डॉक्टर.

आणि त्यानंतर मी जे बोललो ते मला इथे सांगायलाच हवं. मी म्हटलं, ‘आजी, लक्ष कुठे असतं तुझं?’

तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ज्या बाईने चूल पाहिली, रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह पिन मारून मारून चालवला, त्याच्या भडक्यांना कधी भ्यायली नाही, ती आता बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून आईला विचारायची, ‘चहा मिळंन काय थोडासा?’ घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं की आजीला आता गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही. वय झालं. मीही त्या एकमतात होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मला दूध तापवायचं होतं. मी नॉब फिरवला, लायटर टिक केलं, पेटलं नाही.

वय एकोणतीस. डोळे ठणठणीत. बीटेक.

मग मी जरा इंजिनिअरसारखा वागलो. रेग्युलेटर बंद केला, म्हणजे गॅसचा प्रश्नच मिटला, आणि घरातल्या एकेकाला बोलावून पटकन सांगितलं, ‘मागचा उजवा चालू कर.’ आईचा हात दोन नॉबच्या मधे लटकत राहिला. काकूने ठामपणे चुकीचा फिरवला. बाबांनी खाली वाकून नॉबच्या वरचं चित्र शोधलं. ते चार ठिपक्यांचं बारीक चित्र सहा महिन्यांच्या घासणीने केव्हाच पुसलं गेलं होतं. आई म्हणाली, ‘मी रोज दोनदा तरी चुकते, पण लगेच दिसतं ना, मग दुसरा फिरवते.’ हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

ऑफिसात असं झालं असतं तर? चारही युजर एकाच बटणाला चुकले तर आपण युजरला ‘लक्ष कुठे असतं तुझं’ म्हणत नाही. बगचं तिकीट काढतो.

आता गंमत नीट समजून घ्या. बर्नर चौकोनात आहेत, दोन पुढे, दोन मागे. नॉब मात्र एका ओळीत आहेत, डावीकडून उजवीकडे चार. चार नॉब चार बर्नरना किती प्रकारे जोडता येतील? चोवीस. डावीकडचे दोन नॉब डाव्या जोडीचे आणि उजवीकडचे दोन उजव्या जोडीचे, एवढं धरून चाललं तरी चार प्रकार उरतात. पहिला नॉब पुढचा की मागचा? शेगडीकडे नुसतं बघून याचं उत्तर मिळत नाही. ते पाठ करावं लागतं. आणि शेगडी बदलली, माहेरी गेलं, भाड्याचं घर बदललं की पाठ केलेलं उलटंसुद्धा होऊ शकतं.

आपल्या जुन्या दोन बर्नरच्या शेगडीत हा प्रश्नच नव्हता. डावा नॉब डावा बर्नर, उजवा नॉब उजवा. तीन बर्नरच्या शेगडीतही बहुधा नसतो, कारण तिसरा बर्नर दोघांच्या मधे, थोडा मागे असतो. डावा, मधला, उजवा. नॉबही डावा, मधला, उजवा. लहान पोरगंही सांगेल. गडबड सुरू होते ती चौथा बर्नर आल्यावर. मी आजीला जास्त पैसे देऊन जास्त अवघड वस्तू दिली होती.

मी हे शोधायला बसलो तेव्हा कळलं की या प्रश्नावर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी काम झालेलं आहे. आल्फोन्स चॅपानिस नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागात होता. तिथे बी-17 जातीची बॉम्बर विमानं नीट उतरायची, धावपट्टीवर चालत असायची आणि मधेच पोटावर बसायची. पायलटला पंखांचे फ्लॅप आत घ्यायचे असत आणि तो चाकं आत घ्यायचा. अहवालात काय लिहीत? पायलटची चूक. चॅपानिसने कॉकपिट पाहिलं तर फ्लॅपचं आणि चाकांचं बटण शेजारी शेजारी, दिसायला आणि हाताला एकसारखं. त्याने उपाय काय केला, तर चाकांच्या बटणावर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या बटणावर पाचरीसारखा तुकडा. हाताला न बघता कळायला लागलं. विमानात चाकांचा दांडा आजही चाकाच्या आकाराचा असतो.

हाच चॅपानिस 1959 साली, लिंडेनबॉम या सहकाऱ्याबरोबर, शेगडीकडे वळला. चार बर्नर आणि चार नॉब यांच्या चार वेगवेगळ्या मांडण्या घेतल्या, माणसांना बसवलं, या बर्नरचा नॉब कोणता ते पटकन दाखवा म्हटलं, आणि चुका मोजल्या. एका मांडणीत एकही चूक झाली नाही. तिच्यात नॉबला काही जादू नव्हती, ते साधे ओळीतच होते. बर्नर मात्र थोडे सरकवलेले होते, मागचे दोन पुढच्यांच्या बरोबर मागे न ठेवता बाजूला. म्हणजे डावीकडून उजवीकडे बघत गेलं की चार बर्नर ओळीने एकेक करून येतात आणि नॉबही त्याच क्रमाने. बाकी तिन्ही मांडण्यांत लोक चुकले.

पुढे डॉन नॉर्मन यांनी 1988 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात शेगडीचं हेच उदाहरण घेतलं. आज ते ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या नावाने ओळखलं जातं आणि आमच्या डिझाइन टीममधल्या निम्म्या लोकांच्या टेबलावर ते दिसतं. माझ्याही फोनमध्ये त्याची पीडीएफ होती. न वाचलेली. वाचली असती तर शेगडी घेताना रंग आणि स्टार रेटिंगपेक्षा वेगळं काहीतरी बघितलं असतं.

बरं, आता थोडं गॅसबद्दल, कारण चुकीचा नॉब फिरला तर पुढे काय होतं हे कळल्याशिवाय काय करायचं तेही कळत नाही.

आपला सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, खाली बसतो, ओट्यावरून घरंगळून जमिनीवर पसरतो. त्याला स्वतःचा वास नसतो, वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. पण म्हातारपणी वास कमी येतो, आणि मिरचीची फोडणी नुकतीच दिलेली असेल तर कोणालाच येत नाही. हवेत साधारण दोन ते नऊ टक्के गॅस मिसळला की तो पेट घेऊ शकतो. म्हणजे घर गॅसने ‘भरायला’ लागत नाही, थोडासा पुरतो. आजीच्या वेळी तो बर्नरभोवती साचला होता आणि तिची काडी बरोबर त्याच्या शेजारी पेटली.

म्हणून आमच्या घरात आता एक नियम आहे. लायटर आधी बर्नरजवळ न्यायचं, मग नॉब दाबून फिरवायचा. दोन टिक. पेटलं नाही तर तिसरी टिक नाही. नॉब बंद, खिडकी-दार उघडं, आणि मग कोणत्या बर्नरवर हात ठेवायचा होता आणि कोणता फिरवला ते बघायचं. माचिस शोधायला जायचं असेल तर आधी नॉब बंद करून जायचं. हे एवढं पाळलं असतं तर चुकीचा नॉब फिरूनही त्या दिवशी काहीच झालं नसतं. लोक चुकणारच, असं धरून चालणारा नियम हवा.

नॉबची अजून एक गोष्ट, जी आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होती. बंदवरून फिरवला की आधी मोठी ज्योत येते आणि अजून पुढे नेला की बारीक, म्हणजे सिम. मी पुण्याच्या फ्लॅटवर उलटं करायचो. मोठी आणि बंद यांच्या मधे कुठेतरी नॉब अडकवून ठेवायचो आणि त्याला सिम समजायचो. तिथे ज्योत धड टिकत नाही, वाऱ्याच्या झुळकीने विझते. विझली तरी गॅस चालूच.

हे विझणं आपल्या भागात जास्त होतं, असं माझं मत आहे. उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या दारात कूलर, डोक्यावर पंखा आणि सायीसाठी सिमवर ठेवलेलं दूध. ज्योत वाऱ्याने विझते नाहीतर उतू गेलेल्या दुधाने. युरोपातल्या शेगड्यांत यावर एक सोय सर्रास असते. बर्नरशेजारी एक छोटी दांडी असते, ती ज्योतीने तापलेली असेपर्यंत किंचित वीज तयार करते आणि त्या विजेवर आतला व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत गेली, दांडी थंड झाली, गॅस बंद. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती शेगड्यांत हे नसतं. नवीन शेगडी घेणार असाल तर दुकानदाराला विचारा तरी. विचारणारे वाढले तर ठेवणारे वाढतील.

काचेच्या शेगडीचंही सांगतो. चार बर्नर दाटीवाटीने बसवलेले असतात. कावडीच्या सोमवारी पाहुण्यांसाठी मोठा गंज ठेवला की तो शेजारच्या बर्नरवर जातो, त्याची आच खाली काचेवर अडकते. शेजारच्या कढईचा दांडा दुसऱ्या ज्योतीवर येतो. आणि तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवणं हा तर आमच्या काकूचा छंद होता. काच कडक केलेली असली तरी अशाने तडकू शकते. भरताचं वांगं भाजून झालं की बर्नरच्या भोकांत राख आणि साल बसते, मग ज्योत निळी सोडून पिवळी होते आणि गंजाचं बूड काळं. बर्नर थंड झाल्यावर काढायचा, भोकं मोकळी करायची, पूर्ण वाळवून बसवायचा. पंपाच्या स्टोव्हची पिन आजीने अजून जपून ठेवलीय, तिचा आता हाच उपयोग.

वास आलाच तर काय, हे सगळ्यांना येतं असं आपल्याला वाटतं. आमच्या घरी विचारलं तर बाबा म्हणाले, ‘एक्झॉस्ट लावायचा.’ नाही! कोणतंही बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्हीकडे पडते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरून 1906 ला फोन करायचा. हा गॅस गळतीचा चोवीस तासांचा नंबर आहे. फोनही बाहेर गेल्यावरच. आणि केशरी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षांनी ती बदलायची असते. आमची बदलायची राहिली होती, हेही याच भानगडीत कळलं.

आता आजीकडे येतो.

पहिला उपाय माझा होता आणि तो फसला. मी नेलपॉलिश आणलं. लाल नॉब, लाल ठिपका बर्नरशेजारी. हिरवा, पिवळा, निळा. मला फार भारी वाटलं. आजीला ओट्यापाशी आणलं आणि म्हटलं, बघ, आता चुकणार नाहीस. तिने बघितलं आणि विचारलं, ‘गंज ठेवल्यावर ठिपका दिसंन काय?’ नाही दिसणार. गंजाखाली झाकला जाईल. शिवाय तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही हिरवा-निळा संध्याकाळच्या उजेडात वेगळा कळत नाही. मी युजरला न विचारता फीचर पाठवलं होतं. पुन्हा.

मग मी तिला चॅपानिसची गोष्ट सांगितली. विमानं, चाकं, पोटावर बसणारे पायलट. आणि सांगितलं की त्या दिवशी चूक तुझी नव्हती, शेगडीची मांडणीच तशी आहे, मी पण चुकलो, आई तर रोज चुकते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या पायलटायले कोणी बोललं असंन ना, लक्ष कुठी असते म्हून?’

मी म्हटलं, बोलले असतील.

‘हं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आजी ओट्यापाशी उभी. रेग्युलेटर बंद होता. तिने मागच्या दोन बर्नरचे नॉब बंद आहेत ना ते बघून सरळ ओढून काढले होते आणि हातात धरले होते. म्हणाली, ‘मले दोनच लागतात. डावा अन् उजवा. हे दोन ठेव कुठी तरी.’

मी बघत राहिलो. पुढचे दोन बर्नर, दोन नॉब. डावा डाव्याचा, उजवा उजव्याचा. चोवीस शक्यतांची एक झाली, शून्य रुपयांत. पाठ करायचं काही नाही, वाचायचं काही नाही, संध्याकाळी दिसायचा प्रश्न नाही. नॉब नसलेली उघडी दांडी हाताने सहज फिरत नाही, मी करून बघितलं. आता ते दोन नॉब मिठाच्या बरणीशेजारी एका डब्यात असतात. आईला चार बर्नर लागले तर ती रेग्युलेटर बंद ठेवून बसवते, काम झालं की पुन्हा काढते. आईची कुरकुर आहे, नाही असं नाही. तिला वाटतं एवढी महागाची शेगडी अर्धी वापरतोय. पुढच्या वेळी तीन बर्नरची घेऊ असं ठरलंय आणि ती घ्यायला आजीला दुकानात नेणार आहे. बटनं फिरवून बघितल्याशिवाय ती घेऊ देणार नाही, हे तिने आधीच सांगून टाकलंय.

परवा कावडीचा सोमवार झाला. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन पालख्या राजराजेश्वराकडे येत होत्या, गल्लीत ढोल, घरात पंचवीसेक माणसं. चारही बर्नर पेटलेले. आईने आजीला सांगितलं, तुम्ही बसा, आज गर्दी आहे. आजी म्हणाली, ‘तू मागच्या दोन पाय. पुढच्या दोन माह्या.’ आणि पदर कमरेला खोचून उभी राहिली. मनगटावरचा डाग अजून दिसतो.

तुमच्या घरी चार बर्नरची शेगडी असेल तर हा भाग संपल्यावर रेग्युलेटर बंद करा, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बोलवा आणि पटकन म्हणा, ‘मागचा उजवा.’ हात कुठे जातो ते मला मेसेज करून कळवा. पुढच्या भागात भेटू.